तिसऱ्या रॉडची कल्हई

चांपानेरहून परतताना जरोद मागे पडले, रस्ता सरळ आणि मोकळा झाला, म्हणून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल केला, आणि तेव्हाच तो आवाज पहिल्यांदा कानावर आला. दाराची कडी कोणी बोटाच्या पेराने वाजवावी तसा तो होता. पाय दाबला की नाहीसा होई, पाय सोडला की पुन्हा हजर. वडोदऱ्यात जुन्या मोटारी दुरुस्त करण्याच्या कामात माझी बावीस वर्षे गेली आहेत, आणि या आवाजाला मी जितका घाबरतो तितका दुसऱ्या कोणत्याही आवाजाला घाबरत नाही. मी गाडी डाव्या बाजूला कडुनिंबाखाली घेतली. शेजारी बसलेले नाना काही बोलले नाहीत. ऐकू त्यांनाही आले होते.

गाडी होती फोर्डची १९३० सालची मॉडेल ए, चार दारांची, उघडी, कापडी टपाची फेटन. फोर्डने १९२७च्या अखेरीपासून चार वर्षांत या मॉडेलच्या ४८ लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. आपल्याकडे आलेल्या गाड्या कॅनडातल्या कारखान्यातून येत, म्हणून त्यांचे स्टिअरिंग उजवीकडे असते. चार सिलिंडर, ३.३ लिटर, ४० अश्वशक्ती, एवढाच तिचा संसार. नानांच्या वडिलांनी ती चाळीसच्या दशकात जुनी विकत घेतली होती. ते कलाभवनात शिकलेले होते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेली ही तंत्रशाळा आज विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा म्हणून ओळखली जाते. गाडीची देखभाल ते स्वतः करत. त्यांच्यामागे दांडिया बाजारातल्या वाड्याच्या ढेलजेत गाडी अनेक वर्षे उभीच राहिली. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात देशभरातल्या जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला, तो पाहून आल्यावर नानांनी मला बोलावले आणि म्हणाले, ‘‘मी आहे तोवर ही एकदा पावागडच्या पायथ्याशी जाऊन येऊ दे.’’ दीड वर्ष काम चालले. पायथ्याच्या चांपानेरपर्यंत ती गेलीही, आणि परतीच्या वाटेवर हे झाले.

मी बॉनेट उघडले. तेलाची पातळी बरोबर होती, पाणी तापले नव्हते. या इंजिनात स्पार्क प्लगला वायरी नसतात. डिस्ट्रिब्यूटरपासून प्रत्येक प्लगपर्यंत पितळी रंगाची एकेक चपटी पट्टी असते. इंजिन चालू ठेवून मी लाकडी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक सिलिंडर हेडला टेकवले आणि त्याची दांडी एकेका पट्टीला लावत गेलो. असे केले की त्या सिलिंडरची ठिणगी मरते आणि त्याच्यावरचा भार उतरतो. एक, दोन, आवाज तसाच. तिसऱ्या पट्टीला दांडी लागताच इंजिन लंगडले आणि टकटक थांबली. दांडी काढली, पुन्हा टकटक. तिसऱ्या कनेक्टिंग रॉडचे, म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचे, खालचे बेअरिंग गेले होते. शंकेला जागा उरली नाही आणि मी इंजिन बंद केले.

‘‘पंचवीस किलोमीटर तर राहिलंय. हळूहळू नेऊ की रे घरी,’’ नाना म्हणाले.

‘‘नाना, रॉड सुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येईल. मग तुमच्याकडे गाडी राहील, इंजिन राहणार नाही.’’

त्यावर त्यांनी वडिलांची एक आठवण सांगितली. डभोईच्या रस्त्यावर असेच बेअरिंग गेले असता वडिलांनी इंजिनाच्या तळाचे तेलाचे चेंबर रस्त्यातच उतरवले, कमरेचा चामडी पट्टा मापाने कापून तेलात भिजवून बेअरिंगच्या जागी बसवला आणि गाडी घरी आणली होती. ही युक्ती खरी आहे, त्या पिढीने ती ठिकठिकाणी वापरली आहे, आणि त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, माझ्यापुढे होता. आणि नुकत्याच घासून आरशासारख्या केलेल्या क्रँकशाफ्टवर चामडे आणि धातूचे कण घासू देण्याची माझी तयारी नव्हती. मी उचलून नेणारी गाडी मागवली. ती येईपर्यंतच्या दीड तासात हालोलच्या कारखान्यातून निघालेल्या नव्या कोऱ्या एमजी गाड्या ट्रेलरवर लादून आमच्या समोरून गेल्या. ती दोन अक्षरे मुळात ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसची, म्हणजे नानांच्या फोर्डच्याच काळातली. नाना प्रत्येक ट्रेलर वळून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये तेल काढले. बोट बुडवून उजेडात धरले तर काळ्या तेलात चांदीचा चुरा चमकत होता. चेंबरचे वीस बोल्ट काढून ते खाली घेतले, आणि तळाशी बोटाच्या नखाएवढे, काही त्याहून मोठे, बॅबिटचे तुकडे पडलेले दिसले. बॅबिट म्हणजे आपल्या कारागिरांच्या भाषेत व्हाइट मेटल: बहुतांश कथील, त्यात थोडे अँटिमनी आणि थोडे तांबे. १८३९ साली आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन कारागिराने ते शोधले. मॉडेल ए-च्या रॉडमध्ये आजच्यासारखे सुटे, तयार बेअरिंग नसते; वितळलेले बॅबिट थेट रॉडच्या पोलादात ओतलेले असते. चारही रॉडमध्ये ते काम मी परगावच्या एका कारखान्याकडून करून घेतले होते. इंजिन जोडल्यापासून गाडी जेमतेम साडेसहाशे किलोमीटर चालली होती.

तिसऱ्या रॉडची टोपी, म्हणजे बेअरिंगचा खालचा सुटा अर्धा भाग, मी खिडकीपाशी नेली. तेल न मिळाल्याने बेअरिंग जळते तेव्हा बॅबिट वितळून लोण्यासारखे सरकलेले दिसते, आणि क्रँकशाफ्टची ती जागा निळसर पडते. इथे तसे काहीच नव्हते. क्रँकशाफ्ट स्वच्छ होता. बॅबिट मात्र जखमेवरची खपली निघावी तसे अख्खेच्या अख्खे सुटले होते. कडा धारदार तुटलेल्या, आणि सुटलेल्या तुकड्याच्या पाठीवर पोलादावरच्या लेथच्या बारीक रेघा जशाच्या तशा उमटलेल्या. खालचे पोलाद उघडे, तपकिरी. एका कडेला करंगळीच्या रुंदीएवढीच चंदेरी पट्टी होती.

काकू नानांच्या बरोबर आल्या होत्या. त्यांनी चष्मा पुढे ओढून टोपी हातात घेतली, अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, ‘‘अरे, हिला कल्हई धरलीच नव्हती म्हण की.’’

त्यांनी नेमके ते सांगितले होते. बॅबिट पोलादाला आपणहून चिकटत नाही. आधी पोलादावर कथलाचा पातळ थर द्यावा लागतो, तो ओला असतानाच वरून बॅबिट ओतावे लागते, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. तो थर म्हणजे कल्हईच. ती नीट बसलेली असेल तर बॅबिट तोडून काढले तरी पोलाद चंदेरी राहते. इथे कथील त्या कडेपुरतेच धरले होते, आणि बाकीचे बॅबिट केवळ आकाराच्या आधाराने साडेसहाशे किलोमीटर टिकले होते.

उरलेले तीन रॉड मी उतरवले. एकेक दोरीला टांगून हलक्या पान्याने वाजवला. पहिला आणि चौथा घंटेसारखे वाजले, दुसरा मडक्यासारखा. मग तिघांनाही रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, सकाळी पुसून बॅबिट आणि पोलादाच्या सांध्यावर खडू घासला. सांधा सुटलेला असेल तर आत शिरलेले रॉकेल झिरपून खडू ओला करते. पहिल्याचा खडू पांढराच राहिला. दुसऱ्यावर सगळीकडून ओली रेघ उमटली, आणि कानाला निर्दोष वाटलेल्या चौथ्यावरही अर्ध्या सांध्यावर ती हळूहळू उमटत गेली. या दोन्ही परीक्षा मला पंधरा वर्षांपासून ठाऊक आहेत. त्या मी इंजिन जोडण्यापूर्वी करायला हव्या होत्या. रॉड चकचकीत आले, माप हजारांश इंचापर्यंत बरोबर होते, आणि मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. हे मी नानांना तिथेच सांगितले आणि पुढच्या कामाचे पैसे घेणार नाही असेही सांगितले. त्या कारखान्याने फोनवर ‘तेल कमी पडले असेल’ एवढेच उत्तर दिले. मी फोटो पाठवले आणि तो विषय सोडला.

बेअरिंग बदलून आजच्या पद्धतीचे सुटे पोलादी शेल बसवा, असे मला दोघातिघांनी सुचवले. तसे करता येते. पण या इंजिनात रॉडना दाबाखाली तेल मिळत नाही. रॉडच्या टोकाची पळी चेंबरमधल्या पन्हळीतले तेल उडवते, त्यावरच बेअरिंग जगते, आणि तेल गाळणारा फिल्टरही नाही. अशा ठिकाणी मऊ, जाड बॅबिट धुळीचा कण पोटात घेते आणि क्रँकशाफ्टला ओरखडा पडू देत नाही. शिवाय नानांच्या वडिलांनी जे इंजिन चालवले तेच नानांना चालवायचे होते. मी बॅबिटच ओतायचे ठरवले, आणि ते इथेच, माझ्या डोळ्यांसमोर.

ओतण्याचे काम मला येत होते. कल्हईची मात्र खात्री वाटेना, म्हणून काकूंची भांडी ज्यांच्याकडे जातात त्या चाचांना मी गॅरेजमध्ये घेऊन आलो. त्यांनी आयुष्यात इंजिनाचा भाग हातात घेतला नव्हता. कॉस्टिक सोड्यात उकळून, धुऊन मी स्वच्छ केलेला रॉड त्यांनी भट्टीवर धरला, नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने फिरवली. अर्ध्या भागावर कथील आरशासारखे पसरले. उरलेल्या भागावर ते अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळ्या होऊन घरंगळले. ‘‘इथे अजून तेल आहे,’’ चाचा म्हणाले. मला ते पटेना, कारण तो रॉड मी दोनदा उकळला होता. त्यांनी रॉड नुसताच तापवत ठेवला, आणि थोड्या वेळाने त्या जागेवर खरोखरच पिवळट घाम फुटला. नव्वद वर्षे तेलात राहिलेल्या धातूने ते आत धरून ठेवले होते. तापवणे, पुसणे, घासणे हे त्यांनी चार वेळा केले. पोलादासाठी नवसागराच्या जोडीला जस्त विरघळवलेले ॲसिड मी दिले, आणि पाचव्या खेपेला कथील कडेपासून कडेपर्यंत एकसंध बसले. चारही रॉडना मिळून पूर्ण दिवस गेला.

ओतताना ते बाजूला उभे राहिले. मधल्या गोल साच्याला मी रॉकेलच्या दिव्याची काजळी धरली, म्हणजे बॅबिट त्याला चिकटत नाही. साचा आणि रॉड दोन्ही तापवले. बॅबिटमध्ये देवदाराची काडी बुडवून पाहिली. ती पेटली नाही, नुसती तपकिरी होऊन करपली, तेव्हा उष्णता योग्य असल्याचे समजले. वरची राख बाजूला सारून, मध्ये न थांबता, एका धारेत ओतले. गार झाल्यावर चाचांनीच पहिला रॉड दोरीला टांगला आणि वाजवला. तो नाद विरेपर्यंत आम्ही काही बोललो नाही. मग मी चारही रॉकेलमध्ये बुडवले. सकाळी चारही ठिकाणी खडू कोरडा होता.

चाचांनी मजुरी सांगितली ती चार पातेल्यांची. मी त्यांना ओतकामाच्या दराने दिली, आणि आता माझ्याकडे येणारा प्रत्येक रॉड आधी त्यांच्या हाताखालून जातो.

गाडी फेब्रुवारीत पुन्हा जोडली. चारशे किलोमीटर झाल्यावर मी चेंबर परत उतरवले. तळाशी स्वच्छ तेलाशिवाय काही नव्हते. त्यानंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा चांपानेरला गेलो, या वेळी मागच्या सीटवर काकू होत्या. परतताना जरोदच्या पुढे, त्याच कडुनिंबापाशी, मी पाय सैल केला. नाना बॉनेटच्या दिशेने किंचित झुकले होते. वाऱ्याचा आणि टायरचा आवाज येत होता, आणि त्याखाली इंजिनाची चार ठोक्यांची संथ लय. झाड मागे गेल्यावर नाना सीटला टेकले आणि त्यांनी काकूंना हालोलला घेतलेले पेरू काढायला सांगितले.