आमच्या गॅदरिंगमधली लालबाग

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेचं गॅदरिंग जानेवारी सरता सरता व्हायचं. लेझीम, नाटुकली, बक्षिसं, शेवटी शिरा-उप्पीट. पण गावकरी आल्या आल्या वळायचे ते व्हरांड्यातल्या लांब टेबलाकडे. तिथे बेंगळुरूची लालबाग मांडलेली असायची.

विज्ञानाचे सर २६ जानेवारीच्या सुमारास भरणारं तिथलं फुलांचं प्रदर्शन बघून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने परतायचे. माळ्याला विचारून उचललेली पानं, शेंगा, बिया पिशवीत असत. झाडावरचं तोडलेलं त्यांना अजिबात खपत नसे.

माहिती सांगण्याचा मान नववीचा. १७६० मध्ये हैदर अलीने बाग घातली, टिपूने दूरदेशीची रोपं आणवली, १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पती उद्यान झाली, आज २४० एकरांवर आहे, हे सगळं आम्ही एका दमात म्हणायचो. १८८९ मध्ये पायाभरणी झालेलं काचघर आम्ही जिलेटीन कागदाचं करायचो. मला मात्र क्रुंबीगल फार आवडे. हा जर्मन माणूस लंडनच्या क्यू बागेत तयार झाला, सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात त्याने बागा फुलवल्या आणि १९०८ मध्ये लालबागेची सूत्रं हाती घेतली. बडोद्याचं नाव निघालं की पुढे उभे असलेले आजोबा लोक कान टवकारत. बेंगळुरूच्या रस्त्यांवर वर्षभर कुठलं ना कुठलं झाड फुललेलं असावं, अशी त्याने झाडं निवडली. एवढ्या लांबचा विचार करून झाड लावणाऱ्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटतो.

खरी गर्दी सावरीपाशी. लालबागेतली जुनी, प्रचंड सावर पांढरी. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, बुंध्याशी भिंतींसारखी मुळं पसरलेली. तिच्या बोंडाशेजारी आम्ही आमच्या माळावरच्या काटेसावरीची लालभडक फुलं ठेवायचो. ती नेमकी त्याच दिवसांत गळायला लागलेली असत. आज्या दोन्हींचा कापूस बोटांत चोळून बघायच्या. "उशीला आपल्याच सावरीचा बरा गं," हा निकाल दरवर्षी ठरलेला, आणि सर तो मनापासून ऐकून घ्यायचे.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आमचं रान. हिरडा, नाणा, जांभूळ, सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी. नावं मुलांनीच लिहायची, घरी विचारून. गुराख्याच्या पोराकडे सगळ्यांत जास्त नावं निघत, आणि त्या दिवशी सगळा वर्ग त्याच्यामागे फिरे.

सर निवृत्त झाले तरी टेबल चालू आहे. बेंगळुरूला नोकरी करणारे आमचे माजी विद्यार्थी आता पिशवी भरून आणतात. गेल्या खेपेला किजेलियाचं लांबलचक, जड फळ आलं होतं. पहिलीच्या मुलांनी ते दोघा-दोघांनी मिळून उचलून पाहिलं. यंदा लालबागेतल्या सुमारे ३०० कोटी वर्षांच्या खडकाची माहिती मांडायचं नववीने ठरवलं आहे.