हाफ झाल्या, मग फुल कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणजे बँकेतले सगळे, पोलीस परेड ग्राउंडवर भेटणारे, आणि प्रत्येक लग्नात गाठणारी माझी मावसनणंद. "साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन चारदा केलीस, मुंबईची फुल कधी?" जणू एकवीस किलोमीटरची हाफ म्हणजे अर्धवट टाकलेलं काम. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच घाटाने मांड्यांचा जीव काढत उतरायचं, हे करून बघा एकदा.

आजवर मी गुडघा सांगितला, इयर एंडिंग सांगितलं. दोन्ही खरं. पण कारण ते नाही.

दोन वर्षांपूर्वी मी गुपचूप फुलची तयारी करत होते. डिसेंबरातला रविवार, लिंब गावाच्या बाजूला जाऊन परत, तीस किलोमीटर. पाणी कमी पडलं की संपलं, हे डोक्यात इतकं पक्कं की दर दोन किलोमीटरला बाटली तोंडाला. साधं पाणी. थंडी होती, तहान नव्हतीच. पंचविसाव्याला मळमळायला लागलं. मग अंगठी रुतायला लागली; बघते तर बोटं टम्म. चहाच्या टपरीवर बसले. टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "कुठनं आलाय ताई?" मला आमच्या पेठेचं नाव आठवेना. मी म्हणाले, "लिंब." त्यांनी माणुसकीने तांब्याभर पाणी दिलं आणि मी तेही संपवलं.

फोन मावशींनीच लावून दिला. नवऱ्याने दवाखान्यात नेलं, तिथेही येणारा-जाणारा "पाणी पाजा" म्हणत होता. रक्तात सोडियम निघालं १२४. हवं १३५ ते १४५. एवढं पाणी पिऊन मी रक्तातलं मीठच पातळ केलं होतं. पाणी बंद, शिरेतून मिठाचं सलाईन, पुन्हापुन्हा रक्ततपासणी. वजन सकाळपेक्षा दीड किलो जास्त! एवढं पळून मी जड झाले होते. सासूबाई शहाळं घेऊन आल्या, ते दारातूनच परत गेलं. धाकट्याने रात्रीपर्यंत तीनदा विचारलं, "आई, माझं नाव काय?" तिन्ही वेळा बरोबर सांगितलं, तरी त्याची खात्री पटेना.

पुढे वाचनात आलं, २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शेवटी ज्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम कमी होतं. मूर्ख मी एकटी नाही, एवढं समाधान. पण धोका जास्त कुणाला? रस्त्यावर चार तासांहून जास्त काढणाऱ्यांना. म्हणजे मलाच. मला फुलला साडेपाच तास लागतील.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. "आता कळलंय ना? तहान लागेल तेवढंच प्यायचं, आधी-नंतर वजन करायचं. घाबरतेस कशाला?" बरोबर आहे तिचं. पण बाई गं, गुडघा दुखला तर मला कळतं. त्या टपरीवर आपलं काही चुकतंय हेच मला कळत नव्हतं. छान वाटत होतं, खरं सांगते.

आणि ऑलिम्पिकमध्ये १९८४ पर्यंत बायकांची मॅरेथॉनच नव्हती, तेव्हा तू तरी मागे राहू नकोस, हे कृपा करून मला ऐकवू नका. त्यांच्या वाटचं मी का पळू?

तरी मुंबईची नोंदणी कधी उघडते यावर लक्ष असतं. का, माहीत नाही. येत्या रविवारी घाट आहे. हल्ली घरी आले की आधी अंगठी फिरवून बघते. नवराही पेपरच्या आडून तेच बघत असतो.