लॉक, पेजमेकर आणि विंडोज ११

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे फुकट अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. आमच्या धंद्याला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकावाले दारात उभे. सांगलीत गावभागातल्या घरी, पुढच्या खोलीत मी डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मार्च उलटला की एखाद्या पतसंस्थेचा अहवाल. घरात कॉम्प्युटर एकच. मुलीचे प्रोजेक्ट, ह्यांचं लाइट बिल आणि माझं काम, सगळं त्याच्यावरच.

पुण्याच्या भाच्यानं फोनवरच निकाल दिला, "मामी, तो डबा भंगारात घाल आणि नवीन घे." ह्यांचं म्हणणं नेहमीचंच, "चालतंय की, कशाला हात लावायचा?" दोघांपैकी एकानंही कधी त्यावर पत्रिका लावलेली नाही.

आमचं मशीन इंटेलच्या सहाव्या जनरेशनच्या आय३ प्रोसेसरचं, ४ जीबी रॅम. विंडोज १० आहे ते ३२ बिटचं. ३२ बिट का, असं प्रत्येक कॉम्प्युटरवाला भुवया उंचावून विचारतो. मागे यूएसबीला बोटाच्या पेराएवढं एक लॉक खोचलंय, ते त्याचं कारण. माझं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर या लॉकशिवाय उघडत नाही आणि लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला लॉकची ओळख करून देणारा प्रोग्रॅम, जुना, ३२ बिटचा. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे साधे प्रोग्रॅम चालतात, पण ड्रायव्हर मात्र ६४ बिटचाच लागतो. आणि विंडोज ११ येतं ते फक्त ६४ बिटमध्ये. म्हणजे अकरा टाकलं की लॉक मुकं, लॉक मुकं की फाँट बंद.

त्यात पेजमेकर, पत्रिकेची पानं लावायचं सॉफ्टवेअर. त्याची शेवटची आवृत्ती, सात नंबरची, २००१ सालची. माझी मुलगी त्यानंतर जन्मली आणि आता कॉलेजात आहे. पुढची काही आली नाही, येणारही नाही. तरी मी ज्यांच्याकडे छपाईला देते ते प्रेसवाले फाइल मागतात ती पेजमेकरचीच.

जुन्या फायली सोडून द्यायच्या म्हटलं तर तेही जमत नाही. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "वहिनी, थोरल्याची पत्रिका केलीसा ना, तशीच धाकट्याची करा, फक्त नावं बदला." थोरल्याची पत्रिका असते सात-आठ वर्षांपूर्वीची. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा कोडमध्ये, नाही. जुन्या फाँटमध्ये फाइलच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरांचे कोड, फाँट त्यांना फक्त मराठीचा अंगरखा घालतो. फाँट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की वरचं ॥ श्री गणेश प्रसन्न ॥ गायब होतं आणि तिथे कंस, टक्क्याचं चिन्ह, डॉलर असलं काहीतरी येतं. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात. ‘चि. सौ. कां.’ मध्ये घोळ झाला तर मुलीकडचे घरी येऊन बोलतात.

मग "चालतंय की" खरं मानायचं का? तेही नाही. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही, कालच्यासारखंच चालतं. फक्त सुरक्षेत नवीन भोक सापडलं की ते बुजवायला कोणी येत नाही. नुसती पत्रं टाइप करणाऱ्या माणसानं याची फार काळजी करू नये. माझ्याकडे मात्र दिवसभर परके पेनड्राइव्ह येतात, नवरा-नवरीचे फोटो घेऊन. व्हायरसमुळे पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसलेले मी कितीदा पाहिलेत. आणि त्याच मशीनवर ह्यांचं नेटबँकिंग. हे दोन्ही एका ताटात नको.

तरी सगळे रस्ते चाचपून पाहिले. मशीनवर विंडोज ११ चालेल का ते सांगणारा मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक चालवला, त्यानं प्रोसेसरवरच बोट ठेवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करता आली, पण इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा हवा. ते बायोसमध्ये कुठून चालू करणार? भाचा म्हणाला, रुफस नावाचा प्रोग्रॅम वापरून ही तपासणी चुकवून अकरा बसवतात लोक. बसवतात, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप. शिवाय लॉकचं दुखणं तिथेही आहेच.

विंडोजच्या जागी वापरता येणारं फुकटचं लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं. काहीही इन्स्टॉल न करता चालतं आणि या म्हाताऱ्या मशीनवर विंडोजपेक्षा चपळ वाटलं. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे, मुलीच्या प्रोजेक्टना त्यातलं लिबरऑफिस, वर्ड-एक्सेलसारखं, पुरेल. पण तिथे ना लॉक, ना पेजमेकर. लेझर प्रिंटरनंही ढिम्म कागद ओढला नाही.

शेवटी मुदतवाढ घेतली. घरगुती मशीनला सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. अट एवढीच की विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंगचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट. अपडेटच्याच पानावर नावनोंदणीची लिंक असते. नवीन सोयी मिळत नाहीत. मला नकोच आहेत, स्टार्टचं बटण जागेवर राहू दे म्हणजे झालं.

क्लाउडवर पाच जीबीच फुकट, त्यामुळे कामाच्या फायली तिथे नाहीत. त्यांची सोय २०१९ च्या पुरापासून लागलेली आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा कॉम्प्युटर माडीवर नेला होता आणि हार्ड डिस्क दुधाच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरून आम्ही बाहेर पडलो. तेव्हापासून एक डिस्क इथे आणि एक तासगावला, माहेरी.

लग्नसराई संपली की या मशीनची नेटची वायर काढून टाकायची. मग त्यावर फक्त लॉक, पेजमेकर आणि जुन्या पत्रिका. पेनड्राइव्ह, व्हॉट्सॲप वेब आणि बँक यांच्यासाठी सेकंडहँड लॅपटॉप बघतोय. नवा ३५ हजारांच्या आत मिळत नाही म्हणाला दुकानदार, जुना निम्म्यात देतो म्हणतोय. त्याला बजावून ठेवलंय, आठव्या जनरेशनच्या खालचा असेल तर फोनसुद्धा करू नका.