सीमारेषेवरची सीताबर्डी: माझ्या पीएस२ ची वही

२६ एप्रिल

क्रिकेटच्या एका जुन्या पीएस२ (प्लेस्टेशन २) खेळातल्या सीमारेषेवरच्या पाट्यांवर मला नागपूर लिहायचं आहे; त्याआधी माझ्या खेळांच्या डिस्क संगणकावर उतरवून ठेवतोय. २४ पैकी १९ डिस्कच्या प्रती पूर्ण झाल्या आणि १९ ही एमडी५ (फायलीतल्या माहितीवरून निघणारा ओळखीचा आकडा) रिडम्पच्या, म्हणजे मूळ डिस्कच्या आकड्यांच्या ऑनलाइन यादीच्या, नोंदींशी जुळले. उरलेल्या पाच मी मुद्दाम मागे ठेवल्या होत्या, कारण त्या कुलरच्या खोलीतल्या कपाटात होत्या.

नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. मार्चअखेरीपासून पावसापर्यंत घरातली एक खोली कुलरची असते. वाळ्याच्या तट्ट्यातून येणारी ती ओली हवा अंगाला कितीही बरी वाटली तरी कपाटातल्या कागदाला, कापडाला आणि डिस्कला बाधते. मी दहा-बारा वर्षं त्याच खोलीत या पाच डिस्क ठेवल्या. परवा काढून पाहिलं तर दोन डिस्कच्या मधल्या भोकाजवळ ढगासारखे डाग, आणि एका निळ्या सीडीच्या छापील बाजूला ओरखडा.

छापील बाजूचा ओरखडा पाहून मला जास्त धडकी भरली. सीडीमध्ये माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्यावर लाखेचं पातळ आवरण, बस. खालच्या बाजूचा ओरखडा पुष्कळदा निभावतो, वरचा थेट माहिती घेऊन जातो. डीव्हीडीत हा थर ०.६ मिमीच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती वरून सुरक्षित. पण ओल कडेने आत शिरते. तुमच्याकडे पीएस२ चे खेळ असतील तर निळ्या बुडाच्या सीडी आधी उतरवून घ्या, चंदेरी डीव्हीडी नंतर.

सगळा साठा आता बाहेरच्या खोलीत, झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आहे.

३ मे

आज दिवसभर एकच डिस्क: क्रिकेट ०७. माझ्या साठ्यातला मला सगळ्यात जवळचा खेळ. २००६ च्या शेवटी आला, आणि रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचं समालोचन आमच्या गल्लीतल्या अर्ध्या पोरांना पाठ होतं. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर जाऊन आलो की संध्याकाळी तोच सामना आम्ही टीव्हीवर पुन्हा खेळायचो.

पीएस२ ची डिस्क साध्या संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येते, त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. धड डिस्क असेल तर इमेजबर्न हा प्रोग्राम पुरतो. दुखावलेल्या डिस्कला मी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरतो, कारण ते अडलेल्या जागी डोकं आपटत बसत नाही. पहिल्या फेरीत जे सहज येतं ते सगळं उचलतं आणि काय राहिलं त्याचा नकाशा वेगळ्या फायलीत लिहून ठेवतं. सेक्टरचं (डिस्कवरच्या माहितीच्या एका तुकड्याचं) माप मात्र २०४८ बाइट द्या, ते डीव्हीडीचं माप आहे.

पहिल्या फेरीनंतर ३८ सेक्टर राहिले. त्याच ड्राइव्हवर तीन वेळा फिरवून ३५. मग तोच नकाशा आणि तीच अर्धवट प्रत ठेवून डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली. हा जुन्या लॅपटॉपचा ड्राइव्ह, यूएसबीच्या खोक्यात बसवलेला. एका झटक्यात सहावर आलं. प्रत्येक ड्राइव्हचं भिंग वेगळं, नेम वेगळा, म्हणून एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. उरलेल्या सहांसाठी डिस्क डिस्टिल्ड पाण्याने पुसली, मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल फिरवून पुसू नका, कारण गोल ओरखडा वाचनाच्या वाटेवर लांबवर पडतो आणि आडवा ओरखडा क्षणात ओलांडता येतो. टूथपेस्टने घासायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी माझ्या डिस्कला ती लावणार नाही.

संध्याकाळी साडेसहाला शून्य. एमडी५ जुळला. मी आईला हाक मारून स्क्रीन दाखवला. तिनं विचारलं, "झालं का रे तुझं?" "झालं," म्हटलं, आणि दोघांनी चहा घेतला.

हा आकडा जुळवण्यावर मी अडून का बसतो ते लिहून ठेवतो. सहा सेक्टर म्हणजे १२ हजार २८८ बाइट. तेवढ्या जागी शून्यं भरलेली प्रतही सुरू होते, मेनू दाखवते, टॉस करते. मग एखाद्या दिवशी ३७ व्या षटकात सगळं गोठतं. त्या प्रतीवर तुम्ही काही बदल केले असतील तर चूक तुमची की डिस्कची, हे कधीच कळत नाही.

कायद्याबद्दल नेहमी विचारणा होते, म्हणून: कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये, स्वतःकडे रीतसर असलेल्या संगणक प्रोग्रामची प्रत नुकसानीपासून तात्पुरत्या संरक्षणासाठी काढायला मुभा आहे. माझ्या सगळ्या प्रती माझ्या कपाटातल्या डिस्कच्या आहेत. मूळ डिस्क मी विकत नाही आणि प्रत कोणाला देत नाही.

११ मे

कन्सोल: फॅट (जुना जाड पीएस२), ५०००० मालिका. फ्री मॅकबूट (बाहेरचे प्रोग्राम सुरू करू देणारं सॉफ्टवेअर) असलेलं ८ एमबीचं मेमरी कार्ड, मागे नेटवर्क अडॅप्टर, त्याला जुन्या संगणकातली १६० जीबीची आयडीई हार्ड डिस्क. खेळ ओपन पीएस२ लोडर या प्रोग्राममधून, डिस्कशिवाय हार्ड डिस्कवरून चालतात. यूएसबीवरून चालवायचा प्रयत्न मी सोडून दिला. पीएस२ चं यूएसबी १.१ आहे, चलचित्रं अडखळतात. शिवाय यूएसबी ड्राइव्हच्या फॅट३२ या फाइल-पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, तुकडे पाडावे लागतात. स्लिम (नंतरचा पातळ पीएस२) असेल तर मागे हार्ड डिस्कची खाच नसते, त्यांनी नेटवर्कवरून चालवावं. ९०००० मालिकेतल्या नंतरच्या स्लिमवर फ्री मॅकबूट चालत नाही, घेताना मॉडेल नंबर पाहून घ्या.

आत घड्याळाचा सेल होता तो बदलला, सीआर२०३२. ४५ अंशांच्या दुपारी कन्सोल लावत नाही. एवढंच.

२५ मे

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याकडे. मला सीमारेषेबाहेरच्या जाहिरातींच्या पाट्यांवर नागपूर हवं होतं. सीताबर्डी, धरमपेठ, महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी. देवनागरीत.

खेळाच्या मजकुरात देवनागरी आणणं हे फार मोठं काम आहे. जोडाक्षरं, वेलांट्या, सगळं त्या इंजिनला शिकवावं लागेल. पाटी मात्र चित्र असते, आणि चित्रात काहीही लिहिता येतं. ईएच्या (क्रिकेट ०७ काढणारी कंपनी) त्या काळातल्या पीएस२ खेळांत चित्रं एसएसएच फायलींत असतात. हेक्स एडिटरमध्ये (फायलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम) फायलीच्या तोंडाशी 'एसएचपीएस' ही चार अक्षरं दिसली की समजायचं. मी नियम एकच ठेवला: नवं चित्र लांबी-रुंदीला आणि बाइटांना मूळ चित्राइतकंच, आणि ते जागच्या जागी बसवायचं. इमेज (डिस्कची अख्खी प्रत) नव्याने बांधली की फायलींच्या जागा सरकतात, आणि जुने खेळ पुष्कळदा जागा पाठ करून बसलेले असतात.

माझी पाटी २५६ बाय ३२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक बाइट, म्हणजे ८१९२ बाइट, आणि सोबत २५६ रंगांची पट्टी, १०२४ बाइट. ग्राफिक्सची स्मृतीच मुळात ४ एमबी, म्हणून हा काटकसरीचा हिशेब.

पहिल्यांदा बसवलं तेव्हा संत्र्याच्या रंगाची अक्षरं हिरवट-निळी आली. दोन रात्री गेल्या. कारण असं की पीएस२ मध्ये २५६ रंगांची पट्टी सरळ क्रमाने ठेवलेली नसते. दर ३२ रंगांच्या गटात ८ ते १५ आणि १६ ते २३ या दोन तुकड्यांची अदलाबदल असते. छोट्या पायथन स्क्रिप्टने ती अदलाबदल केली आणि संत्री संत्र्याच्या रंगाला आली. दुसरी गोष्ट पारदर्शकतेची. संगणकावर पूर्ण अपारदर्शक म्हणजे २५५, पीएस२ वर १२८. मी २५५ तसाच ठेवला होता, त्यामुळे अक्षरांच्या कडा पेटल्यासारख्या दिसत होत्या. निम्मे केल्यावर शांत झाल्या.

८ जून

रंग आले, वाचता येईना. यावर मी बाकी सगळ्याहून जास्त वेळ घालवला, आणि यावर लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही, म्हणून सविस्तर.

चित्र टीव्हीवर जातं ते इंटरलेस्ड. एका वेळी एकाआड एक ओळी. म्हणजे एकाच ओळीएवढी जाड आडवी रेघ एका क्षणी दिसते, पुढच्या क्षणी नसते. रोमन अक्षरांत आडव्या रेघा तुटक असतात, त्यामुळे फारसं जाणवत नाही. आपली शिरोरेघ अख्ख्या शब्दावरून जाते. धरमपेठची पाटी टीव्हीवर अशी लवलवत होती की डोळे दुखले. शिरोरेघ तीन ठिपके जाड केली, तिच्या वर-खाली एकेक ओळ फिक्या रंगाची ठेवली, तेव्हा स्थिर झाली.

मग उंचीचा प्रश्न. रोमनला ३२ ठिपके पुरून उरतात. 'सीताबर्डी'ला वरून दोन वेलांट्या आणि डीवरचा रफार, 'जुनी शुक्रवारी'ला खालून दोन उकार. वर ७, शिरोरेघ ३, अक्षराचं अंग १५, खाली ७ अशी वाटणी करून पाहिली. अंगाला १५ च उरल्यावर फॉन्टमधून आणलेलं प्रत्येक अक्षर गिचमीड झालं.

इतवारीत एक जुने पाट्या रंगवणारे काका आहेत, आता दुकानात नातू फ्लेक्स छापतो. त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बाबू, दुरून वाचाचं असंन तं अक्षराचं पोट मोकळं ठेवजो. जाड करून काही होत नाही."

घरी येऊन फॉन्ट सोडला आणि ठिपक्या-ठिपक्याने हाताने काढलं. ध, र, म, प यांची पोटं शक्य तितकी उघडी, दांडे दोन ठिपके, अक्षरांत अंतर जास्त. 'धरमपेठ' पहिल्याच फेरीत कव्हरजवळून वाचता आलं. 'महाल'ला वर-खाली काहीच नाही, म्हणून त्याला अंग २० ठिपके देता आलं आणि ती सगळ्यात देखणी पाटी झाली. 'जुनी शुक्रवारी' एका ओळीत मावेना. तिथे आता फक्त 'शुक्रवारी' आहे आणि शेजारी एक छोटा पतंग. संक्रांतीला तिथून चक्री भरून आणलेल्या कोणालाही तो पतंग पुरे.

बालमित्र रविवारी आला. चौकार गेला, कॅमेरा चेंडूमागे फिरला आणि तो उभाच राहिला, "अबे, महाल! महाल लिहून आहे तिथं!" मग आम्ही मुद्दाम त्याच बाजूला फटके मारत राहिलो.

२२ जून

वर्ध्याच्या एका मित्राकडे हीच डिस्क आहे. त्याला अख्खी इमेज द्यायची नाही हे आधीच ठरलं होतं, म्हणून एक्सडेल्टा या प्रोग्रामने पॅच (दोन फायलींतला फरक) काढला. त्यात फक्त माझे बदल असतात. खेळ ज्याचा त्याने आपल्या डिस्कवरून उतरवायचा. त्याचा फोन आला, पॅच बसत नाही, मूळ फाइल जुळत नाही म्हणतो. त्याची प्रत जुनी होती, कुठल्यातरी प्रोग्रामने जागा वाचवायला शेवटचा भाग कापलेला. माझ्याकडचा एमडी५ त्याला वाचून दाखवला. त्याने डिस्क पुन्हा उतरवली, आकडा जुळला, पॅच बसला. आमची दोघांची डिस्क पाल (युरोप-भारताकडची टीव्ही पद्धत) विभागाची. अमेरिकन डिस्कची फाइल वेगळी असते, तिच्यावर हा पॅच चालणार नाही.

६ जुलै

पाऊस लागला, कुलर बंद. २४ पैकी २३ जुळल्या. राहिली ती छापील बाजूला ओरखडा असलेली निळी सीडी, दोन्ही ड्राइव्हवर ११२ सेक्टर अडलेत. मोदी नंबर ३ मधल्या एका दुकानदाराकडे जुना डेस्कटॉप ड्राइव्ह आहे, शनिवारी आणतो. पुढची पाटी 'विदर्भ': रफार भवर येतो आणि खाली काहीच नसतं, त्यामुळे अंगाला १८ ठिपके मिळतील असा हिशेब आहे. २०१७-१८ चा पहिला रणजी करंडक लक्षात ठेवून ती साइटस्क्रीनजवळ लावायची आहे.