टॅक्सीवाल्याच्या मुलाला फियाटच्या वारसाचं काय?

गाड्यांबद्दल बोलायला बसलो की मी फियाटवर येतो, आणि फियाटवर आलो की तिच्या मालकाच्या मुलावर, एदोआर्दो आन्येल्लीवर. मग समोरचा विचारतोच : तुमचे वडील मुंबईत टॅक्सी चालवायचे, तुम्हाला त्या धनाढ्याच्या मुलाचा एवढा कळवळा कशासाठी? सगळं आयतं मिळूनही ज्यानं आयुष्याची माती केली, त्याचा?

आयतं काय मिळालं, ते आधी सांगतो. त्याला एका गेलेल्या माणसाचं नाव मिळालं. १८९९ मध्ये इटलीतल्या तुरीनला फियाट सुरू झाली, तेव्हाच्या संस्थापकांपैकी जोव्हान्नी आन्येल्ली हे त्याचे पणजोबा. आजोबा एदोआर्दो १९३५ साली जिनोव्हाला विमान अपघातात गेले, तेव्हा त्याचे वडील जान्नी १४ वर्षांचे होते. १९५४ मध्ये मुलगा झाला आणि जान्नींनी त्याला आपल्या वडिलांचंच नाव ठेवलं. आपल्याकडेही असं नाव ठेवतात. त्या बाळाकडे बघताना घरच्यांच्या डोळ्यांसमोर आधी कोण येतं, हे ज्या घरात ठेवलंय त्यांना माहीत असतं.

जान्नींनी स्वतः कंपनी हातात घेतली ती १९६६ मध्ये, पंचेचाळिशीत. त्याआधी कारभार व्हालेत्ता नावाच्या व्यवस्थापकानं ओढला. जान्नींची ती वर्षं मौजमजेत, किनाऱ्यावरच्या बंगल्यांत गेली, आणि लोकांनी ती कौतुकानं पाहिली. मुलगाही भटकला, पण दुसऱ्या वाटेनं. प्रिन्स्टनला शिकला, पूर्वेकडच्या धर्म-तत्त्वज्ञानात रमला, इस्लामकडे ओढला गेला. तेहरानला शुक्रवारच्या नमाजात बसलेला त्याचा फोटो आहे. बापाचं भटकणं लोकांना कळत होतं, मुलाचं कळलं नाही. मला हा मोठा अन्याय वाटतो. १९९० मध्ये केनियात मालिंदीला हेरॉइन बाळगल्याच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. त्यातून तो सुटला, पण फियाटचं दार त्याच्यासाठी कायमचं लागलं.

आता माझं सांगतो, कारण माझ्या कळवळ्याचं मूळ तिथं आहे.

आमची टॅक्सी फियाटच. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली, स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर असलेली. कंपनीनं पुढे पद्मिनी नाव दिलं, तरी आमच्या स्टँडवर सगळे फियाटच म्हणायचे. दसऱ्याला आप्पा पहाटे गाडी धुवायचे. बॉनेटवर झेंडूचा हार, मीटरला हळदकुंकू, चार चाकांखाली चार लिंबं. पुढच्या चाकापाशी नारळ फोडायचा मान माझा, मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, त्या दसऱ्याला सवयीनं हात पुढे केला. आप्पांनी नारळ माझ्या चुलतभावाच्या हातात दिला. परमिट त्याच्या नावावर करायचं ठरलं होतं.

मला टॅक्सी नकोच होती. मी आप्पांना तोंडावर सांगितलं होतं, त्यांनी रागावून काही म्हटलंही नव्हतं. तरी तो नारळ फुटला तेव्हा घशात आवंढा आला, आणि त्या दिवशी मी आप्पांच्या पंक्तीला बसलो नाही. जे नकोय ते दुसऱ्याला मिळताना इतकं का लागावं, हे मला आजही धड सांगता येत नाही.

म्हणून एदोआर्दोचं १९९७ साल वाचताना मी थांबतो. कंपनीचा वारस म्हणून त्याचा चुलतभाऊ जोव्हान्नी आल्बेर्तो ठरला होता. बारामतीत जिचा कारखाना आहे, त्या पियाजिओचा हा प्रमुख. तो त्या डिसेंबरात कर्करोगानं गेला, अवघ्या ३३ व्या वर्षी. दुसरा वारस निवडायची वेळ आली तेव्हा एदोआर्दो ४३ वर्षांचा, जान्नींचा एकुलता मुलगा. संचालक मंडळावर घेतलं ते त्याच्या बहिणीच्या मुलाला, २१ वर्षांच्या जॉन एल्कानला. पुढे १९९८ मध्ये 'इल मानिफेस्तो' या डाव्या वृत्तपत्राला मुलाखत देऊन एदोआर्दोनं ही निवड चूक असल्याचं उघड सांगितलं. लोक म्हणतात, हाव. मला त्यात तो दसरा दिसतो.

१५ नोव्हेंबर २००० ला तुरीन-सावोना महामार्गावरच्या एका पुलाखाली त्याचा मृतदेह सापडला. वय ४६. तपासात आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. इराणमध्ये घातपाताची चर्चा चालते, मी त्यात शिरत नाही.

पुढे कामानिमित्त आठ महिने तुरीनला होतो. लिंगोत्तोचा फियाटचा जुना कारखाना बघायला गेलो. आत काँक्रीटचा गोल गोल चढत जाणारा रस्ता आहे. खाली सुरू झालेली गाडी वर चढत तयार व्हायची आणि गच्चीवरच्या ट्रॅकवर धावायची. जान्नी गेले तेव्हा त्यांच्या अंत्यदर्शनासाठी लोक याच इमारतीत रांगा लावून आले होते. त्या चढावर उभा राहून मी आप्पांना फोन लावला. गच्ची कशी आहे ते सांगितलं, मग बोलता बोलता एदोआर्दोचं सगळं सांगितलं.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पोरगा गेल्यावर बाप किती वर्षं जगला?"

"सव्वादोन."

"लवकरच गेला म्हणायचा," आप्पा म्हणाले. "तू जेवलास का?"