तेवढं बघा ना, बाई

जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत मी तिसरीचा वर्ग घेते. आम्ही सहा शिक्षक. २०१५ साली सरल प्रणाली आली, मुलांची सगळी माहिती ऑनलाइन भरायची वेळ आली, तेव्हा आमच्यात संगणक येणारी मी एकटीच होते. अख्ख्या शाळेची माहिती मीच भरली. सगळ्यांनी कौतुक केलं आणि मलाही ते आवडलं, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या आवडण्याचाही वाटा होता.

मग शाळेची दरवर्षीची माहिती भरायचं यू-डायस आलं, शालार्थमधली वेतनाची बिलं आली, पोषण आहाराची रोजची नोंद आली. ही निदान शाळेची कामं. त्यांच्या मागोमाग घरची आली. कुणाच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाचं वीजबिल, कुणाच्या सासूबाईंचं आधार. प्रत्येक काम पाच मिनिटांचं आणि प्रत्येकाची सुरुवात एकच, "बाई, तेवढं बघा ना." माझ्या टाचणवहीच्या शेवटच्या पानावर पाच जणांचे पासवर्ड लिहिलेले होते. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटत नव्हतं.

जुलै २०२३ मध्ये आमच्या एका ज्येष्ठ सरांचं आयकर विवरणपत्र मी भरलं. ३० तारीख, रात्रीचे अकरा. सगळं भरून झालं, फक्त शेवटची पडताळणी राहिली. तिचा ओटीपी सरांच्या फोनवर जाणार आणि सर झोपलेले. म्हटलं, उद्या करू. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती, आणखी तिघांची विवरणपत्रं माझ्याकडे होती. त्या धांदलीत सरांचं राहूनच गेलं.

ऑक्टोबरमध्ये सर म्हणाले, "बाई, रिफंड काही आला नाही अजून." लॉगिन करून पाहिलं तर पडताळणी बाकी. नियम असा, की भरल्यापासून ३० दिवसांत पडताळणी केली नाही, तर ज्या दिवशी कराल त्या दिवशीच विवरणपत्र भरलं असं धरतात. म्हणजे मुदतीनंतर. सरांचं उत्पन्न पाच लाखांच्या वर, त्यामुळे विलंबशुल्क ५,००० रुपये. मी पैसे द्यायला गेले, त्यांनी घेतले नाहीत. "असू दे हो, होतं असं," एवढंच म्हणाले. पण आठवड्याभरात ऑफिसात कुणीतरी कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, "सरांचं बाईंनी भरलं होतं ना, म्हणून." आठ वर्षांत भरलेल्या शेकडो अर्जांचं कुणाला काही नव्हतं. ते फार लागलं.

तरी मी थांबले त्या ५,००० रुपयांमुळे नाही. त्याच महिन्यात एकदा हातच्याची वजाबाकी घेत होते. मुलं वहीत गणितं सोडवत होती आणि मी माझ्या खुर्चीत बसून एका मॅडमच्या भावाचा अर्ज फोनवर भरत होते. एक मुलगी वही घेऊन माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी मान वर न करता म्हटलं, "थांब हं बाळा." अर्ज पूर्ण करून पाहिलं तर ती जागेवर जाऊन बसली होती. वही बघितली. बावनातून सव्वीस वजा करताना तिने दोनातून सहा जात नाहीत म्हणून सहातून दोन वजा केले होते, आणि पुढची सातही गणितं तशीच सोडवली होती. विचारायचं म्हणून आली होती आणि मी तिला परत पाठवलं होतं. माझी आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. इथे माझ्या भिडेची किंमत दुसरंच कुणी मोजत होतं.

आधी मी एक आठवडा फक्त नोंद ठेवली. सहा दिवसांत तेवीस कामं निघाली. त्यांतली नऊ शाळेच्या वेळेत, माझ्या तासाला.

पहिला नकार मात्र मी एका मॅडमना खोटं बोलून दिला. "आज नेट नाही." त्याच दुपारी मी मुलांचे फोटो ग्रुपवर टाकले आणि मॅडमच्या ते लक्षात आलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून एक ठरवलं, सबब सांगायची नाही. सबब दिली की समोरचा त्यातून वाट काढतो. नेट नाही म्हटलं की "मग उद्या" येतंच. "मला जमणार नाही" एवढ्यावर थांबायला मला दोन महिने लागले. जीभ पुढे काहीतरी जोडायला बघायचीच.

मुख्याध्यापकांशी बोलणं सोपं गेलं, कारण ते कामाचं बोलणं होतं. मी म्हटलं, "सर, पोषण आहार आणि यू-डायस दोन्ही माझ्याकडे नको. एक मी करते, दुसऱ्याचं नाव लेखी ठरवा." ते म्हणाले, "तुमच्यासारखं कुणाला जमत नाही." मी म्हटलं, "मलाही जमत नव्हतं, करून करून जमलं." चार दिवस विचार करून त्यांनी वाटप केलं. मग पासवर्ड. पाचही जणांचे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून हातात दिले, बदलून घ्या म्हटलं आणि वहीचं ते पान फाडलं. आयकराला तर हात लावणारच नाही, तालुक्याला कर सल्लागार आहेत असं सगळ्यांना एकदाच सांगून टाकलं. बाकीच्या कामांसाठी शनिवार ठेवला. सकाळची शाळा सुटली की एक तास मी थांबणार. पण माउस तुमच्या हातात, मी शेजारी.

अवघड गेली ती मैत्रीण. पहिलीच्या वर्गाच्या मॅडम आणि मी एकाच गाडीवरून येतो. त्या "अगं, तू आणि मला नाही म्हणतेस?" असं म्हणाल्या तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. पंधरा दिवस त्या एसटीने आल्या. मला सकाळचा तो रस्ता एकटीने नको वाटायचा. दोनदा फोन हातात घेतला, पाठव तो अर्ज, भरते, असं सांगायला. नाही केला. सोळाव्या दिवशी त्या नेहमीच्या वळणावर उभ्या दिसल्या. बसल्या, पण त्या विषयावर आम्ही आजही बोलत नाही. पूर्वीसारखं सगळं झालंय असं मी म्हणणार नाही.

शनिवारी सुरुवातीला कुणीच येईना. मग ज्येष्ठ सर यायला लागले. त्यांच्या बोटांना खडू लागलेला असायचा, माउसवर पांढरे ठसे उमटायचे. बाण हवा तिथे थांबत नसे. माझा हात दर वेळी पुढे जायचा, तो मी मांडीखाली दाबून बसायचे.

जुलै २०२४ मध्ये मी म्हटलं होतं, सल्लागाराकडे जा. ते म्हणाले, "फॉर्म मी भरतो, तुम्ही नुसत्या बसा." जुनी करप्रणाली की नवी, हे त्यांनी घरून वहीत दोन्हीकडची आकडेमोड करून आणलं होतं. तीन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी फॉर्म दाखल झाला आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. ओटीपी आला. चष्मा कपाळावर सरकवून, एकेक आकडा मोठ्याने वाचत, सरांनी तो भरला.