प्रतिवादी म्हणून नाव कोणाचं घालू?

साडेचौदा हजारांची वसुली आमच्या वकिलांच्या बार रूममध्ये कोणी आनंदाने घेत नाही. 'त्यावर फी काय लावणार?' म्हणत ज्येष्ठ मंडळी असली प्रकरणं ज्युनियरकडे सरकवतात. गोव्यातल्या डिचोलीत सध्या ती ज्युनियर मी.

आलेले काका जत्रेतल्या नाटकांची रंगभूषा करतात. गावच्या हौशी मंडळाचं ऐतिहासिक नाटक होतं; दाढ्या, मिशा, टोप सगळं यांचंच. पैसे आधी 'जत्रा झाली की', मग 'शिगमो झाला की', मग 'चवथ होऊ दे'. असं करता करता प्रयोगाला तीन वर्षं भरायला जेमतेम आठवडा राहिला. केलेल्या कामाचे पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर दाव्याची मुदत काम झाल्यापासून तीन वर्षं. हे लोकांना कोणी सांगत नाही. भिडेपोटी थांबणाऱ्याचीच मुदत जाते.

पोलीस ठाण्यात काकांना 'हे दिवाणी आहे' एवढंच ऐकवून परत पाठवलं होतं. गावातल्या एका जाणत्याने 'ग्राहक आयोगात जा' सांगितलं. हा सल्ला आमच्याकडे प्रसादासारखा वाटला जातो. पण ग्राहक म्हणजे मोबदला देऊन सेवा घेणारा, आणि काकांनी तर सेवा दिलेली. भर प्रवेशात दाढी सुटली असती तर मंडळ आयोगात जाऊ शकलं असतं, तेही फी न भरता, कारण पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही. काकांसाठी वाट एकच: कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे वसुलीचा दावा, जमिनींच्या खटल्यांच्या रांगेत.

पुरावा मात्र झकास निघाला. नाटकाचं हस्तपत्रक! त्यावर तारीख, 'रंगभूषा' म्हणून काकांचं नाव, आणि खाली अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी अख्खी समिती. यापेक्षा चांगला करारनामा मी मोठ्या बिल्डरांच्या फायलींतही क्वचित पाहिलाय. शिवाय व्हॉट्सॲपवर सचिवाचे 'देतो हां काका' आणि जोडलेले हात. पण 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय. त्याच्या कलम 63 प्रमाणे अशा मेसेजला दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाईलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळायचा आकडा. त्या जोडलेल्या हातांची हॅश व्हॅल्यू काढायला माणूस शोधण्यात माझा आख्खा दिवस गेला. मधे खजिनदाराने गुगल पेवरून दोन हजार दिले होते. अंशतः पैसे मिळाले तर मुदत नव्याने मोजता येते, पण देणाऱ्याच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची नोंद हवी. मोबाईलचं बटण म्हणजे सही का, यावर वाद घालत बसण्यापेक्षा मुदतीतच दावा लावणं बरं.

मग मुख्य प्रश्न आला. प्रतिवादी कोण?

'मंडळावर घाल ना केस, बाय.'

मंडळ नोंदणीकृत नव्हतं. अशा मंडळावर त्याच्या नावाने दावा लागत नाही, माणसांवर लावावा लागतो. सगळ्यांच्या वतीने एकदोघांवर लावायचा तर कोर्टाची परवानगी, वर नोटीस, तीही वादीच्या खर्चाने. वर्तमानपत्रातली जाहिरात रकमेचा मोठा घास खाणार. आणि काकांना रंगभूषेला बोलावलं होतं खजिनदाराने, तो गेल्या पावसात वारला. मेलेल्यावर दावा होत नाही, वारसांवर करावा लागतो. वारस म्हणजे त्याची बायको.

'तिचं नाव नको. जत्रेच्या रात्री तिने मला जेवायला घातलंय.'

कायद्याने तशी सोय आहे. करार कायद्याच्या कलम 43 प्रमाणे अनेकांनी मिळून कबूल केलेली रक्कम त्यातल्या एकाकडूनही पूर्ण वसूल करता येते. म्हणून एकट्या सचिवावर दावा तयार केला. पण तो काय म्हणेल हे मला दिसत होतं: 'काकांचे पैसे मी खजिनदाराकडे दिले होते.' मेलेला माणूस खोडायला येत नाही. मग सचिवाची बाजू खजिनदाराच्या बायकोलाच साक्षीला बोलावणार, नवऱ्याने गावाचे पैसे खाल्ले का हे सांगायला. हे काकांना स्पष्ट सांगितलं. ते बराच वेळ हस्तपत्रकाच्या घड्या सारख्या करत राहिले. मग म्हणाले, 'घाल.'

दावा मुदतीत दाखल झाला. कोर्टाच्या रजिस्ट्रीने नेहमीप्रमाणे पानांचे क्रमांक आणि हस्तपत्रकाचं इंग्रजी भाषांतर यावर हरकती काढल्या. त्या दुरुस्त केल्या, समन्स निघालं. तिचं नाव साक्षीदारांच्या यादीत येईल की नाही, ते सचिवाच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात कळेल. मी मात्र रोज ते उत्तर मनात लिहून पाहते आणि दरवेळी ती त्यात येतेच.

परवा काका ऑफिसात डोकावले. यंदा मंडळाची समिती नवी आहे, जत्रेच्या नाटकाला त्यांनाच बोलावलंय.

'लेखी घेतलं? ॲडव्हान्स?'

'गावातलीच पोरं ती, बाय. देतील.'